सिनफिगमध्ये पहिलं अ‍ॅनिमेशन: डुलणारा नंदीध्वज

सोलापुरात रेघ ओढणाऱ्या हातांची कमी नाही. पूर्व भागात चादरीचं डिझाइन ग्राफवर उतरवणारे आहेत, फ्लेक्सच्या दुकानांत रात्री उशिरापर्यंत कोरल ड्रॉवर बसणारी पोरं आहेत. यांतल्या बहुतेकांना वेक्टर म्हणजे काय हे वेगळं शिकवायला लागत नाही. नोड ओढला की रेघ वाकते, आकार कितीही मोठा केला तरी कडा फाटत नाहीत, हे त्यांच्या बोटांना माहीत असतं. पण तीच आकृती हलवायची म्हटली की "त्याला महागडं सॉफ्टवेअर लागतं" म्हणून विषय तिथेच सुटतो. तसं काही नाही. सिनफिग स्टुडिओ हे मुक्त स्रोत सॉफ्टवेअर फुकट आहे, विंडोज, लिनक्स आणि मॅक तिन्हींवर चालतं, आणि त्यात केलेलं काम तुम्ही बिनदिक्कत विकू शकता.

संक्रांतीची गड्डा यात्रा, म्हणजे सिद्धेश्वराची यात्रा, आपल्या सगळ्यांच्या ओळखीची. म्हणून सरावासाठी तिच्या मिरवणुकीत पेलली जाणारी उंच, सजवलेली काठी, म्हणजे नंदीध्वजच घेऊ: उभ्या मोबाइल पडद्यावर डुलणारा एक नंदीध्वज, मागे दिव्यांची लुकलुक, खाली चादरीच्या नक्षीची पट्टी आणि वर शुभेच्छा. सहा सेकंदांचा तुकडा, पण सिनफिगची जवळजवळ सगळी महत्त्वाची वैशिष्ट्यं त्यात येतात.

सॉफ्टवेअरबद्दल थोडं

सिनफिग रॉबर्ट क्वाटलबॉम यांनी व्होरिया स्टुडिओज या त्यांच्या अ‍ॅनिमेशन कंपनीसाठी लिहायला घेतलं. कंपनी बंद पडली, तेव्हा २००५ मध्ये त्यांनी त्याचा कोड जीपीएल या मुक्त परवान्याखाली सर्वांना खुला केला. १.० आवृत्ती यायला २०१५ उजाडलं. मूळ हेतू आजही तोच आहे: दोन मुख्य चित्रांच्या मधली चित्रं माणसाने काढू नयेत, संगणकाने मोजून काढावीत. हाताने काढलेल्या अ‍ॅनिमेशनमध्ये सेकंदाला २४ फ्रेम, म्हणजे २४ स्थिर चित्रं धरली, तर मधल्या चित्रांतच माणसं झिजतात. सिनफिगमध्ये तुम्ही सुरुवात आणि शेवट सांगता, मधलं गणित ते करतं.

याचा अर्थ ते तुमच्यासाठी चित्र काढतं असा नाही. कधी थांबायचं, कुठे वेग घ्यायचा, कुठल्या वस्तूला वजन आहे, हे तुम्हालाच ठरवावं लागतं. सिनफिग शिकणं म्हणजे मुख्यतः हे ठरवायला शिकणं.

पेन्सिल२डी आणि ओपनटूंझ हेही मुक्त पर्याय आहेत. फ्रेम-दर-फ्रेम हाताने काढण्याची आवड असेल तर पेन्सिल२डी सोपं पडतं. ओपनटूंझ ताकदवान आहे, पण नवख्याला त्याची मांडणी जड जाते. कोरल किंवा इंकस्केपवरून येणाऱ्यांनी सिनफिगपासूनच सुरुवात करावी असं माझं स्पष्ट मत आहे.

बसवणं आणि कॅनव्हास

अधिकृत संकेतस्थळावर स्थिर आणि विकासाधीन अशा दोन आवृत्त्या असतात. स्थिर घ्या. नवीन सोयींच्या मोहाने विकासाधीन आवृत्तीवर गिऱ्हाइकाचं काम करू नका. विंडोजसाठी न बसवता चालणारी पोर्टेबल आवृत्तीही मिळते. कॉलेजच्या किंवा कॅफेच्या संगणकावर काम करणाऱ्यांना ती पेनड्राइव्हवर ठेवता येते.

सुरू केल्यावर आधी एफ८ दाबा. कॅनव्हासचे गुणधर्म उघडतील. रुंदी १०८०, उंची १९२० टाका. दोन्ही आकडे नेहमी सम ठेवा, कारण विषम आकड्यांवर एमपी४ बनवताना अडचण येते. वेळेच्या टॅबमध्ये सेकंदाला २४ फ्रेम ठेवा आणि शेवटची वेळ ५ सेकंद २३ फ्रेम द्या. सेकंदासाठी एस आणि फ्रेमसाठी एफ ही इंग्रजी अक्षरं आकड्याला जोडून लिहायची असतात. सरळ सहा सेकंद का नाही? मोजणी शून्यापासून होते, आणि आपलं दृश्य फिरून पुन्हा सुरू होणार आहे. सहाव्या सेकंदाची फ्रेम पहिल्यासारखीच असते. ती दोनदा आली की डोळ्याला बारीक अडखळ जाणवते.

मग लगेच फाइल सेव्ह करा. एसआयएफझेड हा दाबून लहान केलेला प्रकार, एसआयएफ म्हणजे तेच पण न दाबलेलं. एसआयएफ फाइल साध्या टेक्स्ट एडिटरमध्येही वाचता येते, कारण ती एक्सएमएल असते. सेव्ह करायची सवय पहिल्या मिनिटापासून लावून घ्या. सिनफिग अधूनमधून बंद पडतं, आणि उन्हाळ्यात वीज कधी जाईल याचाही भरवसा नसतो.

रेखाटन: हँडलचे रंग ओळखा

स्प्लाइन टूल निवडा. टूलच्या पर्यायांत रीजन म्हणजे भरलेला आकार आणि आउटलाइन म्हणजे रेघ, यांतलं काय तयार करायचं ते आधीच ठरवता येतं. दोन्ही निवडले तर एकाच रेखाटनातून दोन लेयर, म्हणजे थर बनतात आणि ते एकमेकांशी जोडलेले राहतात. भरावाचा कोपरा ओढला की रेघही त्याच्याबरोबर येते. कोरलमधल्या सवयीने इथे थोडं गोंधळायला होतं: तिथे एका वस्तूलाच भराव आणि कड असते, इथे त्या दोन वेगळ्या वस्तू असतात. एकदा सवय झाली की सोय कळते, कारण रेघेवर वेगळा परिणाम देता येतो.

क्लिक केलं की कोपरा, क्लिक करून ओढलं की वळण. शेवटी पहिल्या बिंदूवर उजवी क्लिक करून आकार बंद करा आणि एंटर दाबा.

आता आकारावर रंगीत टिंब दिसतील, हीच हँडल. नारिंगी म्हणजे कोपऱ्याची जागा, पिवळं म्हणजे वळणाची स्पर्शिका, जांभळं म्हणजे रेघेची जाडी, हिरवं म्हणजे पूर्ण वस्तूची जागा, आकाशी म्हणजे त्रिज्या आणि निळं म्हणजे कोन. जाडीचं हँडल विशेष उपयोगाचं. एकाच रेघेला एका टोकाला जाड आणि दुसऱ्या टोकाला बारीक करता येतं, त्यामुळे ब्रशने ओढल्यासारखा जिवंतपणा येतो.

नंदीध्वजाची काठी सरळ आणि उभी काढा, टोकाकडे किंचित निमुळती. वर बाशिंग, त्याखाली हार. सगळं उभं काढायचं, झुकवायचं नाही. झुकणं हे अ‍ॅनिमेशनचं काम. प्रत्येक लेयरला नाव द्या: काठी, बाशिंग, हार. नाव न देता पुढे गेलात तर तीस लेयर झाल्यावर तुमचीच फाइल तुम्हाला परकी वाटेल.

ग्रुप: इथे घाई करू नका

लेयर पॅनेलमध्ये जे वर, ते चित्रातही वर. एवढं तर सगळीकडेच असतं. पण सिनफिगमध्ये लेयर म्हणजे नुसता आकार नसतो. फिरवणं, सरकवणं, धूसर करणं, वेळ वळवणं हेही लेयरच आहेत, आणि असा परिणामाचा लेयर त्याच्या खाली असलेल्या, त्याच ग्रुपमधल्या प्रत्येक गोष्टीवर चालतो. ग्रुपच्या बाहेर त्याचा हात पोहोचत नाही. हा एक नियम पक्का झाला की अर्धं सिनफिग आलं. नवख्यांच्या "माझी पार्श्वभूमीही फिरायला लागली" या तक्रारीचं मूळ बहुतेक वेळा इथेच असतं: रोटेट लेयर ग्रुपच्या बाहेर राहिलेला असतो.

म्हणून काठी, बाशिंग आणि हार निवडून त्यांचा ग्रुप करा, नाव द्या नंदीध्वज. ग्रुप उघडून आत सर्वांत वरचा लेयर निवडा आणि लेयर मेनूतल्या ट्रान्सफॉर्ममधून रोटेट घाला. तो सगळ्यांच्या वर आला पाहिजे, नसेल तर ओढून वर न्या. त्याचं हिरवं टिंब काठीच्या बुडाशी, म्हणजे पेलणाऱ्याच्या कमरेजवळ आणून ठेवा. नंदीध्वज तिथूनच तोलला जातो, म्हणून फिरण्याचा केंद्रबिंदूही तिथेच. निळं टिंब फिरवून पाहा: सगळा ध्वज बुडापासून झुकेल आणि मागचं काही हलणार नाही. पाहून झालं की कोन परत शून्यावर आणा.

हारासाठी असंच आणखी एकदा. नंदीध्वज ग्रुपच्या आत हाराचा छोटा ग्रुप करा, त्यात वर आणखी एक रोटेट, आणि त्याचं हिरवं टिंब हार बांधला आहे तिथे. आता हार ध्वजाबरोबर झुकेलच, शिवाय स्वतःही डुलू शकेल.

अ‍ॅनिमेट मोड आणि वेपॉइंट

कॅनव्हासच्या खालच्या उजव्या कोपऱ्यात हिरव्या माणसाचं छोटं चिन्ह आहे. ते दाबलं की हा मोड चालू होतो आणि कॅनव्हासभोवती लाल चौकट येते. लाल चौकट असताना तुम्ही जे काही बदलाल, ते त्या क्षणापुरतं नोंदलं जातं. चौकट नसताना केलेला बदल सगळ्या वेळेला लागू होतो. त्यामुळे रंग सुधारायचा असेल, कोपरा नीट करायचा असेल तर आधी चौकट गेली आहे का ते पाहा. नाहीतर दुसऱ्या सेकंदाला सहज बदललेला रंग पहिल्या फ्रेमपासून हळूहळू पालटत जाईल, आणि हे का होतंय ते लवकर सापडणार नाही.

मोड चालू करा. शून्य फ्रेमवर बाहेरच्या रोटेटचा कोन उणे ३ अंश. २८ व्या फ्रेमवर अधिक ३. ४८ व्या फ्रेमवर पुन्हा उणे ३. टाइमट्रॅक पॅनेलमध्ये त्या त्या जागी खुणा उमटतील, त्यांना वेपॉइंट म्हणतात. प्ले करून पाहा.

बरोबर मध्यावर, म्हणजे २४ वर वेपॉइंट न ठेवता २८ वर ठेवण्यामागे कारण आहे. मिरवणुकीत नंदीध्वज पेलणाऱ्याकडे नीट लक्ष द्या. काठी एका बाजूला हळूहळू कलते, आणि पांढऱ्या बाराबंदीतला तो मानकरी तिला जोर लावून परत आणतो. कलायला वेळ जास्त, सावरायला कमी. २८ फ्रेम जाणं आणि २० फ्रेम येणं, एवढ्या फरकानेच पडद्यावरच्या काठीला वजन येतं. दोन्ही बाजूंना सारख्या फ्रेम दिल्या आणि मधला प्रवास लिनियर ठेवला, तर ध्वज गाडीच्या वायपरसारखा हलतो.

हा मधला प्रवास कसा व्हावा ते प्रत्येक वेपॉइंटवर उजवी क्लिक करून ठरवता येतं. क्लॅम्प्ड असेल तर हालचाल टोकाला अलगद थांबते आणि दिलेल्या किमतीच्या बाहेर जात नाही. टीसीबी अधिक लवचीक, पण कधीकधी टोक ओलांडून पुढे जातं. लिनियर म्हणजे एकसारखा वेग. कॉन्स्टंट म्हणजे मधलं काही नाही, थेट उडी. डोळ्यांची उघडझाप किंवा दिवा लागणं-विझणं यांसाठी ते चांगलं. आपल्या ध्वजासाठी क्लॅम्प्ड.

आता हार. ध्वज उणे ३ वर असताना हार उलट्या दिशेला असायला हवा, कारण त्याला खाली लोंबायचं असतं. पण तो त्याच क्षणी तिथे पोहोचत नाही, मागे रेंगाळतो. म्हणून आतल्या रोटेटचे वेपॉइंट पाच फ्रेम उशिरा ठेवा: पाचव्या फ्रेमवर अधिक ४, ३३ व्या फ्रेमवर उणे ४. शून्य आणि ४८ या दोन्ही फ्रेमवर सारखीच किंमत द्या, अधिक २. सुरुवात आणि शेवट जुळल्याशिवाय आवर्तन सलग दिसणार नाही. एवढं केल्यावर चालवून पाहा आणि मग हाराचा उशीर काढून पाहा. काय बदललं ते शब्दांत सांगायची गरज उरणार नाही. माझ्या मते हा पाच फ्रेमचा उशीर या सगळ्या धड्यातला सर्वांत मोलाचा भाग आहे. बाशिंगाच्या झिरमिळ्या, फेट्याचा शेमला, चादरीची दशी, बैलाच्या गळ्यातली घुंगरमाळ, लोंबणाऱ्या प्रत्येक गोष्टीला तो लागू पडतो.

हे दोन सेकंदांचं झालं. पुढचे चार सेकंद पुन्हा वेपॉइंट टाकत बसू नका. नंदीध्वज ग्रुपमध्ये अगदी वर, रोटेटच्याही वर, टाइम लूप नावाचा लेयर घाला आणि त्याचा ड्युरेशन दोन सेकंद द्या. तोच झोका पुन्हा पुन्हा येत राहील. यात्रेतले सातही नंदीध्वज हवे असतील तर ग्रुपच्या प्रती करा, बाजूला सरकवा, आणि प्रत्येकाच्या टाइम लूपमधली लोकल टाइमची किंमत थोडी थोडी बदला, म्हणजे सगळे एका तालात कवायत केल्यासारखे हलणार नाहीत.

दिव्यांची लुकलुक

यात्रेची रोषणाई दाखवायला रेडियल ग्रेडियंटचे छोटे गोल काढा, मध्ये उजळ पिवळा आणि कडेला पारदर्शक. त्या लेयरच्या पॅरामीटरमध्ये अमाउंटवर, म्हणजे लेयर किती ठळक दिसावा त्या आकड्यावर, उजवी क्लिक करा, कन्व्हर्टमधून रँडम निवडा. मग आत मूळ किंमत, किती फरक पडावा, वेग आणि सीड (थरथर कुठल्या क्रमाने व्हावी ते ठरवणारा आकडा) हे आकडे येतात. मूळ किंमत ०.८ आणि फरक ०.२ ठेवला की दिवा विझत नाही, फक्त थरथरतो. प्रत्येक दिव्याचा सीड वेगळा ठेवा, नाहीतर सगळे एकदमच लुकलुकतील. एकही वेपॉइंट न टाकता हे होतं, आणि सिनफिगवर माझा जीव जडण्याचं एक कारण हे कन्व्हर्टच आहे. आवर्तन नीट जुळायला हवं असेल तर त्यातच लूप टाइमही देता येतो.

चादरीची किनार

खालच्या पट्टीसाठी स्प्लाइनने चार क्लिकमध्ये एक चौकट-शंकरपाळी काढा, आत आणखी एक लहान. प्रती करण्याआधी एक काम: रंगाच्या पॅरामीटरवर उजवी क्लिक करून एक्स्पोर्ट करा आणि त्याला नाव द्या. नंतर केलेल्या सगळ्या प्रती त्याच रंगाला बांधलेल्या राहतात. आधीच काढलेला एखादा आकार त्यात आणायचा असेल तर लायब्ररी पॅनेलमध्ये तो रंग निवडायचा आणि आकाराच्या रंगावर उजवी क्लिक करून कनेक्ट म्हणायचं. चादरीच्या दुकानदाराने "लाल नको, मोरपंखी करून दाखव" म्हटलं की एकाच ठिकाणी बदल करा, सगळी किनार बदलते. गिऱ्हाइकाचं काम करणाऱ्याला या एका सोयीचं मोल लगेच कळेल.

मराठी मजकूर

सिनफिगमध्ये टेक्स्ट लेयर आहे, पण मराठीसाठी मी तो वापरायचा सल्ला देत नाही. जोडाक्षरं किंवा वेलांट्या तुटलेल्या दिसल्या तर दुरुस्त करायला तिथे वाव नसतो, शिवाय दुसऱ्या संगणकावर तो फाँट नसला तर मांडणीच बदलते. मजकूर इंकस्केपमध्ये लिहा. मुक्ता, बालू, नोटो सान्स देवनागरी हे मुक्त परवान्याचे चांगले फाँट आहेत. पार्श्वभूमी पारदर्शक ठेवून, हव्या त्या आकाराच्या दुप्पट मोठी पीएनजी काढा आणि सिनफिगमध्ये इम्पोर्ट करा. मग तिचा अमाउंट पहिल्या सेकंदात शून्यापासून एकपर्यंत न्या, शुभेच्छा अलगद उमटतील. आवर्तन जुळवायचं असेल तर शेवटच्या अर्ध्या सेकंदात पुन्हा शून्यावर आणा.

पीएनजी नेहमी प्रकल्पाच्याच फोल्डरमध्ये ठेवा. डाउनलोड्समधून थेट आणलेलं चित्र फाइल हलवल्यावर हमखास हरवतं.

इंकस्केपमधले साधे आकार एसव्हीजी करूनही आत आणता येतात. कोरलवाल्यांनी तिथून एसव्हीजी एक्स्पोर्ट करावं. मात्र फार गुंतागुंतीचे ग्रेडियंट आणि परिणाम जसेच्या तसे येतील अशी अपेक्षा ठेवू नका. आकार आणा, रंगरंगोटी इथे करा.

पुढे शिकायचं

माणूस चालवायचा झाला की स्केलेटन लेयर लागतो. त्यात हाडं मांडून हात-पायांचे तुकडे त्या हाडांना बांधायचे असतात. तोंडाची हालचाल करायला स्विच ग्रुप आहे, वेगवेगळ्या ओठांची चित्रं ठेवून हवं ते एका वेळी दाखवता येतं. हे दोन्ही ग्रुपचा नियम अंगवळणी पडल्यावर शिका, आधी नको.

जुन्या लॅपटॉपवर

ब्लर हा सर्वांत जड लेयर. काम करताना त्याच्या नावापुढची खूण काढून ठेवा, रेंडरच्या, म्हणजे अंतिम फ्रेम काढण्याच्या, आधी परत लावा. कॅनव्हासवर कमी रेझोल्यूशनमध्ये पाहण्याची सोय आहे, ती वापरा. हालचालीचा वेग मात्र कॅनव्हासवर प्ले करून जोखू नका, कारण भारी दृश्य तिथे अडखळत चालतं. फाइल मेनूतला प्रिव्ह्यू लहान आकारात आधी सगळ्या फ्रेम बनवतो आणि मग खऱ्या वेगाने दाखवतो.

रेंडर

एफ९ दाबा. थेट एमपी४ काढता येतं, पण मी पीएनजीची मालिका काढायला सांगेन. प्रत्येक फ्रेमची वेगळी फाइल होते, आपल्या तुकड्याच्या १४४ होतील. त्यासाठी आधी एक रिकामं फोल्डर करा. मध्येच वीज गेली तरी झालेल्या फ्रेम शाबूत राहतात आणि सुरुवातीची वेळ बदलून उरलेल्या तेवढ्याच काढता येतात. एमपी४ अर्धवट राहिलं तर मात्र सगळं पुन्हा करावं लागतं. रेंडर लावण्याआधी "फक्त चालू फ्रेम" हा पर्याय निवडून एक चित्र काढून तपासा: मजकुराच्या कडा, हाराचा रंग, किनारीचा शेवटचा नग पडद्याबाहेर तर जात नाही ना.

मग केडेनलाइव्ह हे मुक्त व्हिडिओ एडिटर उघडा, प्रकल्प सेकंदाला २४ फ्रेमचा आणि उभ्या आकाराचा करा, चित्रांची मालिका म्हणून पीएनजी आत घ्या आणि प्रत्येक चित्राला एकच फ्रेम द्या. आवाजही इथेच जोडा. यात्रेत स्वतःच्या फोनवर टिपलेला "हर्र बोला हर्र"चा गजर असेल तर उत्तम, म्हणजे परवानगीचा प्रश्नच येत नाही. एमपी४ काढा आणि दुकानदाराला पाठवताना व्हॉट्सअ‍ॅपवर व्हिडिओ म्हणून न टाकता डॉक्युमेंट म्हणून पाठवा. व्हिडिओ म्हणून टाकलं की तो दाबला जातो आणि किनारीच्या बारीक रेघा सगळ्यात आधी पुसट होतात.